नाकावर विसंबून चालणार नाही

सडक्या अंड्यांचा वास आला की हायड्रोजन सल्फाइड जवळपास आहे, एवढे शाळेच्या प्रयोगशाळेत वावरलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. पण वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, हा समज जीवघेणा आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण शंभराच्या पुढे गेले की घ्राणेंद्रियच बधिर होते. शिवाय हवेहून जड असल्याने तो गटारांत व सखल जागी साचतो. मुंबई हायचे तेल व वायू जेथे किनाऱ्यास लागतात, त्या उरणच्या आणि नव्या मुंबईच्या रहिवाशांनी हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

वसईच्या समुद्रात 1976 साली सापडलेल्या क्षेत्रातील वायू गंधकयुक्त आहे. तो प्रामुख्याने गुजरातेत हजिरा येथे शुद्ध केला जातो. अमाइनचे द्रावण हे विष शोषून घेते. द्रावण तापवून ते वेगळे काढतात आणि क्लाउस प्रक्रियेने त्याचे गंधक बनवितात. हेच गंधक पुढे खत कारखान्यांना उपयोगी पडते. मात्र क्लाउस प्रक्रियेतून काही टक्के गंधक निसटतेच. ते पकडण्यास आणखी एक संयंत्र लागते आणि काटकसरीचा मोह येथेच होतो. विषारी वायू नुसता जाळला, तर सल्फर डायऑक्साइड होऊन तो लोकांच्याच फुप्फुसांत जातो.

चीनमधील चोंगचिंग परिसरात डिसेंबर 2003 मध्ये एका विहिरीतून असा वायू उसळला आणि 243 माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आसपासचे ग्रामस्थ होते. उरणच्या प्रकल्पात 3 सप्टेंबर 2019 रोजी लागलेल्या आगीत चौघांचा बळी गेला. तिचा या वायूशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण धोका कुंपणापलीकडच्या वस्तीपासून किती जवळ असतो, हे तिने दाखविले.

भोपाळनंतर, 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियांची माहिती कामगारांबरोबरच परिसरातील जनतेलाही देण्याचे बंधन तीत घालण्यात आले. ही माहिती फायलीत पडून राहिली तर कायदा असून नसल्यासारखाच. भोंगा कशासाठी वाजतो, वारा कोणीकडचा आहे, त्याच्या आडव्या दिशेने उंचावर कसे जावे, हे शाळांत आणि ग्रामपंचायतींत नियमाने शिकविले पाहिजे. वायू शुद्ध करणे तंत्रज्ञांचे काम आहे. लोकांना सावध ठेवणे हे शासनाचे व प्रकल्पचालकांचे कर्तव्य आहे, आणि त्याची मागणी करणे हा नागरिकांचा हक्क आहे.