विमा कंपनीने केमिस्ट का ठरवावा?

परळला केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या आसपासची औषधांची दुकानं तिथल्या चिठ्ठ्यांवर चालतात. गिरगावातल्या वाडीच्या तोंडाशी किंवा लालबागच्या चाळीखाली असलेल्या मेडिकलचं तसं नाही. त्याचं भाडं निघतं ते मधुमेह आणि रक्तदाबाच्या दरमहा ठरलेल्या औषधांवर, आणि नेमकं तेच गिऱ्हाईक आता मोबाइलवर वळतं आहे. औषधं घरपोच देणाऱ्या अ‍ॅपपैकी नेटमेड्स 2020 मध्ये रिलायन्सने घेतलं, वनएमजी 2021 मध्ये टाटांनी. 2013च्या किंमत नियंत्रण आदेशात नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरला आहे. त्यातून भाडं, वीज आणि फार्मासिस्टचा पगार भागवणाऱ्याने अ‍ॅपसारखी 15-20 टक्के सवलत कुठून द्यायची?

तरीही माझा आक्षेप सवलतीला नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचे दरमहा शे-दोनशे रुपये वाचत असतील तर ते वाचलेच पाहिजेत. आक्षेप आहे तो विम्याला. बाह्यरुग्ण खर्च देणाऱ्या अनेक नव्या पॉलिसींत औषधांची कॅशलेस सोय फक्त कंपनीशी करार केलेल्या अ‍ॅपवर किंवा दुकानसाखळीतच मिळते. तिथे गिऱ्हाईक भाव पडताळून निवड करत नाही. निवड विमा कंपनीने आधीच केलेली असते आणि नाक्यावरचा केमिस्ट स्पर्धेत उतरण्याआधीच बाद होतो. त्याच्याकडे उरतं ते रात्री साडेदहाला तापाच्या चार गोळ्या स्ट्रिप कापून देणं, उधारी सांभाळणं, दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी एकच औषध लिहून दिलं तर ते लक्षात आणून देणं. ही कामं मोलाची आहेत, पण त्यांवर दुकान चालत नाही.

केमिस्टांनी हे ओढवून घेतलं, असं म्हणणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे. फार्मासिस्टविना चालणाऱ्या दुकानांवर 2012 मध्ये राज्याच्या एफडीएला मोहीम काढावी लागली. केमिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेची मक्तेदारीची वागणूक स्पर्धा आयोगाने 2013 मध्ये दोषी ठरवली. म्हणूनच अ‍ॅपवर सरसकट बंदीची मागणी मला पटत नाही. एक मक्तेदारी मोडायला दुसरी नको. मात्र ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट 2018 मध्ये निघूनही तो अंतिम न करणं, ही केंद्राची अक्षम्य दिरंगाई आहे.

विमा नियामकाने मात्र त्यासाठी थांबू नये. परवानाधारक दुकानाच्या बिलावर परवाना क्रमांक, बॅच आणि डॉक्टरचं नाव असतंच. अशा कोणत्याही बिलाचे पैसे अ‍ॅपच्या बिलाइतक्याच अटींवर आणि तितक्याच दिवसांत द्यावेत, एवढा आदेश पुरे. स्वस्त कुठे पडतं ते मग दादरचा विमाधारक स्वतः पाहील.