फाटलेल्या पुस्तकांच्या बाजूने

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जा आणि पुस्तकांचं कपाट उघडायला सांगा. आधी किल्ली शोधावी लागेल. मग आतून जे पुस्तक सगळ्यात नवं, सगळ्यात चकचकीत दिसेल, ते हातात घ्या. कडक कव्हर, शाळेचा गोल शिक्का, नोंदणी नंबर, शाईच्या वासानं अजून एकमेकांना चिकटलेली पानं. त्या पुस्तकाची प्रकृती ठणठणीत आहे, कारण ते कुणी वाचलेलंच नाही.

मी पहिली-दुसरीची बाई आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी गेली. मग बदली होऊन जळगाव जिल्ह्यात आले. दोन्हीकडं शाळा द्विशिक्षकी, दोन्हीकडं कपाट लोखंडी आणि दोन्हीकडं कपाटाला कुलूप. शिक्षक आळशी असतात म्हणून कुलूप लावतात असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा. कुलूप भीतीनं लावलं जातं. शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक रजिस्टरवर चढतं. खुर्ची, घंटा, वजनकाटा आणि गोष्टीचं पुस्तक, सगळ्यांची शेवटी मोजदाद होते. बदली झाली की नव्या माणसाला चार्ज देताना यादी वाचली जाते. मुख्याध्यापक निवृत्त होताना पुन्हा वाचली जाते. एखादं पुस्तक फाटलं असेल तर ते यादीतून काढण्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, आणि हरवलं असेल तर खुलासा लिहायचा. पन्नास रुपयांच्या पुस्तकासाठी दोन पानांचा खुलासा कोण लिहील? त्यापेक्षा कुलूप बरं. मी एकदा एका साहेबांना विचारलं होतं, की खडू संपतो तसं पुस्तकही संपतं असं का धरत नाही आपण? ते म्हणाले, ‘‘मॅडम, खडू उपभोग्य वस्तू आहे.’’

म्हणजे पुस्तक उपभोग्य नाही! सरकारी भाषा कधी कधी इतकं खरं बोलून जाते.

आता चित्रपुस्तक म्हणजे काय, ते जरा सांगते, कारण मोठ्या माणसांना ते ‘लहान मुलांचं सोपं पुस्तक’ वाटतं. एरिक कार्ल या चित्रकाराचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक १९६९ साली आलं. जगभर गाजलेलं आहे. अळी एकेक फळ खात जाते आणि पुस्तकाच्या पानांना खरोखरची भोकं असतात. कागदांना पंच मारताना कार्लला ती कल्पना सुचली होती. एवढी भोकं पाडून पुस्तक परवडेल अशा किमतीत छापणारा अमेरिकेत मिळेना, म्हणून ते आधी जपानमध्ये छापून घेतलं गेलं. ज्या पुस्तकात भोकं हीच गंमत आहे, ते पुस्तक मुलांनी बोटं घालून फाडायचं नाही, तर काय करायचं?

माझ्याकडची प्रत माझ्या पैशांची. म्हणून तर वर्गात काढायची हिंमत होते. मजकूर इंग्रजी, मी सांगते मराठीत आणि अहिराणीत. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सफरचंद झालं, नाशपाती झाली, आणि मागून एक पोरगा ओरडला, ‘‘मॅडम, याले फवारा मारा!’’

सगळा वर्ग त्याच्या बाजूनं झाला. का नाही होणार? ही कापसाच्या पट्ट्यातली पोरं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर कापूस खाल्ला, तेव्हापासून घराघरात अळी म्हणजे कर्ज. अमेरिकेतल्या मुलाला ती अळी गोड वाटते, आमच्या पोराला तिच्यात बापाचं बुडालेलं वावर दिसतं. मग अर्धा तास भांडण झालं. ही बोंडअळी नाही, हिला फुलपाखरू व्हायचंय, असं एका पोरीचं म्हणणं. बोंडअळीचंही पाखरूच होतं आणि तेच परत अंडी घालतं, असं त्या पोराचं म्हणणं. तो बरोबर होता. सहा-सात वर्षांचं मूल किडीचं जीवनचक्र सांगत होतं, शेजारची त्याला खोडून काढत होती, आणि दोघंही पुन्हा पुन्हा पान उलटून पुरावा शोधत होती. वाचणं म्हणजे याहून वेगळं काय असतं, मला कुणी सांगावं.

तपासणीत मात्र हा अर्धा तास धरला जात नाही. तिथं मोबाइलचं स्टॉपवॉच असतं. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. ज्याला अक्षर लागत नाही त्याला पुस्तक उघडतच नाही, हे मला शिकवू नका. पण ‘अर्थासह’ हा शब्द कागदावर राहतो आणि घड्याळ तेवढं वर्गात येतं, कारण अर्थ मोजायला बसावं लागतं आणि शब्द उभ्या उभ्या मोजता येतात. एका चांगल्या चित्रपुस्तकात कधी कधी सगळे मिळून शंभर शब्दसुद्धा नसतात. घड्याळाच्या हिशोबानं ते दोन मिनिटांत संपलं पाहिजे. माझ्या वर्गात ते आठवडा पुरतं.

आणि गोष्ट संपली रे संपली की ‘यातून काय बोध मिळाला?’ हे कुणी सुरू केलं, कोण जाणे. सिनेमा बघून थिएटरच्या दारात तुम्हाला कुणी असं अडवलं तर दुसऱ्यांदा जाल का?

भाषेचा मुद्दा याहून खोल आहे, आणि खान्देशात तो टाळून चालतच नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही भाषा म्हणून नोंदवणारे साडेअठरा लाखांवर लोक आहेत. त्यांतल्या बहुतेकांची अहिराणी. माझ्या घरातही तीच. आमच्याकडं ‘ळ’ जिभेवर ‘य’ होऊन येतो. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, केळीची केयी. पहिलीत आलेलं मूल हेच बोलतं आणि पहिल्याच दिवशी ऐकतं, ‘‘शाया नाही, शाळा म्हण.’’ तिसऱ्या दिवशी ते शाळाही म्हणत नाही, शायाही म्हणत नाही. गप्प बसतं. मग आपण त्याच्या नावापुढं शेरा मारतो, ‘प्रतिसाद कमी’.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. तिची बोली अशीच, ‘ळ’ न मानणारी. विद्यापीठाच्या फाटकावर तिचं नाव आणि पहिलीच्या वर्गात तिच्यासारखं बोलणाऱ्या पोरीला दुरुस्ती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. पेढा खाताना मला त्या गप्प बसलेल्या पोरीच दिसत होत्या.

चित्राला हा दोष नाही. चित्र प्रमाण मराठीत नसतं. चित्रातली गाय तुमच्याही भाषेत गाय असते आणि माझ्याही. शिरपूरकडं माझ्या वर्गात पावरी बोलणारी मुलं होती. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. पाठ्यपुस्तक उघडलं की आम्ही दोघंही अडाणी. मोठं चित्र मध्ये ठेवलं की ती बोट ठेवून त्यांचा शब्द सांगत, मी माझा सांगे, आणि माझे उच्चार ऐकून वर्ग लोळायचा. बाई चुकतात आणि आपण त्यांना शिकवतो, हे ज्या मुलाला एकदा कळलं ते दुसऱ्या दिवशी शाळेला येतंच.

माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहिलेला आणि स्वतः चितारलेला ‘राधाचं घर’ हा संच माझा सगळ्यात लाडका. मराठीत इतक्या साध्या आणि इतक्या पक्क्या नजरेनं घर फार थोड्यांनी काढलंय. राधाचं घर शहरातलं आहे आणि माझी पोरं गावातली, म्हणून ते पुस्तक ‘त्यांचं नाही’ असं एका प्रशिक्षणात मला सांगण्यात आलं. पोरांना तसं वाटत नाही. ती आईच्या चित्रावर बोट ठेवून म्हणतात, ‘‘हाई मन्ही माय शे.’’ आणि पुढच्याच दमात, ‘‘यासनी बकरी कोठे शे?’’ राधाच्या घरात बकरी नाही यावर एकदा पूर्ण तास गेला. शेवटी पोरांनी स्वतःच कोऱ्या कागदावर बकरी काढली, कापली आणि पुस्तकात ठेवून दिली. आता ती पान उलटताना पडते, परत ठेवतात. रजिस्टरमध्ये तिची नोंद नाही. खान्देशातल्या मुलांना खान्देशातली चित्रपुस्तकं हवीत, अहिराणीत हवीत, पावरीत हवीत, हे मी ओरडून सांगेन. पण ती येईपर्यंत आहेत ती पुस्तकं कपाटात कुजवायची, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

पैसे नाहीत असंही म्हणू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत असं स्पष्ट लिहिलंय. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. शंभर रुपयांचं एक धरलं तरी पन्नास पुस्तकं, आणि बरीच चित्रपुस्तकं त्याहून स्वस्त आहेत. तीस पोरांच्या शाळेत ती सगळी वर्षभरात वाचून चिंध्या झाली तरी एका पोरामागं दोनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. शेवभाजीच्या दोन प्लेटा फार तर.

तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणून तुमच्या मनात आलेला प्रश्नही घेते. फोनवर सगळं फुकट आहे की! आहे. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून आहे, मराठीतली ढीगभर पुस्तकं मोफत, आणि मी ती वापरतेही. पण वर्गात फोन एक असतो आणि तो माझा. पान सरकवणारं बोटही माझंच. मागचं पान परत बघायचंय, अळी खरंच तिथं होती का ते तपासायचंय, तर मला विचारावं लागतं. घरी फोन बापाबरोबर कामावर जातो. कागदाच्या पुस्तकाला चार्जिंग लागत नाही हा मुद्दा जुना झाला. माझा मुद्दा एवढाच की ते मुलाच्या ताब्यात राहतं.

आमच्याकडून दिवाळीनंतर घरं रिकामी होतात. चाळीसगाव, पारोळा, शिरपूर, कुठूनही बघा, ऊसतोडीला टोळ्या निघतात. एक पोरगा असाच आईबापाबरोबर गुजरातकडं गेला. जाताना मी त्याला तीन पुस्तकं दिली. उन्हाळ्यात परत आला तेव्हा दोन होती, पाचटाचा वास मारणारी, एकाचं कव्हर गेलेलं. तिसरं फडावरच्या दुसऱ्या पोरांनी ठेवून घेतलं म्हणाला, कारण त्यांच्याकडं एकही नव्हतं. त्या फडावर शाळा नव्हती, बाई नव्हती, आणि एक पुस्तक फिरत होतं. रजिस्टरच्या भाषेत याला ‘गहाळ’ म्हणतात.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, पोरांसाठी हातानं लिहून दैनिक काढत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, गावात दुसरीकडं विद्रोही संमेलनही झालं. दोन्ही मांडवांत गुरुजींचं नाव निघालं. दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, तेव्हाही निघतं. त्या दिवशी कपाट उघडतं, पोरं रांगेत बसतात, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, फोटो निघतो, ग्रुपवर जातो, आणि दुपारच्या खिचडीच्या आत पुस्तकं मोजून परत आत जातात. फोटोत एखाद्या पोराचं पुस्तक उलटं असतं. कुणी झूम करून बघत नाही.

मला नवा उत्सव नको, नवं पोर्टल नको. एक साधा आदेश हवा, की प्राथमिक शाळेतलं गोष्टीचं पुस्तक खडूसारखं धरलं जाईल आणि ते फाटलं किंवा घरी राहिलं म्हणून कुठल्याही शिक्षकाकडून वसुली होणार नाही. आणि तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: या वर्षी वाचून किती पुस्तकं फाटली? जिथं शून्य भरलेलं असेल, तिथं खुलासा मागा.