जुना संगणक, दुरुस्तीचे दुकान आणि आपले हक्क

आपल्या हक्कांची कागदपत्रे पूर्वी पत्र्याच्या ट्रंकेत असत. आता ती संगणकात असतात. १९९० सालच्या कायद्याने बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या, हे सर्वांस विदित आहे. परंतु त्या पदरात पाडून घ्यावयाच्या तर दाखला लागतो, दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेतील रजिस्टराच्या जीर्ण पानाचा उतारा. कोणीतरी तो एकदा स्कॅन करून ठेवतो आणि पुढे मुलीची शिष्यवृत्ती व मुलाची जातपडताळणी त्याच फाईलवर चालते. ही फाईल ज्या यंत्रात असते ते यंत्र मात्र दुसऱ्याने वापरून विकलेले, आठ-दहा वर्षांचे, वस्तीतील दुरुस्तीच्या दुकानाच्या भरवशावर जगणारे असते. म्हणून त्या दुकानात बसलेला तरुण कारागीर केवळ यंत्र दुरुस्त करतो, असे समजणे चुकीचे आहे. त्याच्या हातात एका कुटुंबाचे दप्तर असते.

हा विषय आता पुढे येण्याचे कारण असे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज टेन या प्रणालीस नियमितपणे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविणे बंद केले. काही अटींवर जादा मुदत घेता येते, पण घरगुती ग्राहकांसाठी जाहीर केलेली ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच होती. विंडोज इलेव्हन घालावे म्हटले तर टीपीएम नावाची विशिष्ट सुरक्षा-योजना आणि साधारणपणे २०१८ च्या सुमाराचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. यंत्र धडधाकट आहे, काम करते, तरी ते अपात्र! जन्मसाल पाहून पात्रता ठरविण्याची ही रीत आपणांस अगदीच अपरिचित वाटू नये. सुरक्षेच्या दृष्टीने त्या अटीमागे काही कारण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तिचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. ज्याला नवे यंत्र घेणे शक्य आहे त्याला संरक्षण, आणि ज्याला शक्य नाही त्याला 'टाकून द्या' हा सल्ला, असा न्याय आम्हांस मान्य नाही. दुरुस्तीकाराने तर तो मुळीच मान्य करू नये.

वयाने जुने म्हणजे आपोआप असुरक्षित, ही समजूतही अर्धवट आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर मालवेअरने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक बंद पाडले व इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत रोग्यांना परत पाठविण्याची वेळ आणली. त्यात बळी पडलेली बहुतेक यंत्रे विंडोज सेव्हनवर चालणारी होती, आणि त्या प्रणालीसाठी दुरुस्ती दोन महिने आधीच, १४ मार्च रोजी, निघालेली होती. ती लावली गेली नाही, इतकेच. दुरुस्ती निघूनही लागत नाही, येथे कारागिराचे काम सुरू होते.

परंतु आपल्याकडे पुष्कळदा दार उघडून देणारा कारागीरच असतो. 'विंडोज टाकून द्या' असे गिऱ्हाईक म्हणते, आणि दुकानदार चोरीची प्रत घालून ती 'क्रॅक'ने चालू करतो. ही क्रॅक चालविण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. पहारेकऱ्यास घरी पाठवून अनोळखी माणसास तिजोरीजवळ नेण्यासारखे हे कृत्य आहे. पुढे त्या यंत्रातून बँकेचा परवलीचा शब्द गेला, तर गिऱ्हाईक बँकेस दोष देते. दुकानातील त्या पाच मिनिटांची त्यास दाद नसते. पंचशीलातील दुसरे शील अदत्तादानापासून दूर राहण्याचे आहे, आणि अष्टांग मार्गात सम्यक् आजीविकेस स्वतंत्र स्थान आहे. चोरीची प्रत विकून मिळविलेला पैसा सम्यक् आजीविकेत बसत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय ती चोरी करण्याची गरजही नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या प्रणाली विनामूल्य व कायदेशीर आहेत आणि त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित मिळतात. जुन्या यंत्रात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविली, की अर्ज भरणे, पत्र लिहिणे, व्याख्याने ऐकणे ही कामे त्यावर सुखाने होतात.

अडचण येते ती डीटीपीच्या दुकानात. चौदा एप्रिलची पत्रके, मंगल परिणयाच्या पत्रिका, विहाराच्या पावत्या हे सर्व अजूनही ठिकठिकाणी पेजमेकर आणि श्री-लिपीवर, अतिशय जुन्या विंडोजवर जुळविले जाते. तेथे 'लिनक्स घाला' असे सांगणे म्हणजे धंदा बंद करा असे सांगणे. त्या यंत्राची इंटरनेटची तार काढून टाकावी, त्यावर जुळणीखेरीज दुसरे काम करू नये आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी अद्ययावत अशा दुसऱ्या यंत्रावर तपासून मगच फाईल आत घ्यावी. पेन ड्राइव्हमधील सर्व फोल्डरांचे शॉर्टकट झाले म्हणजे 'डेटा गेला' म्हणून फॉरमॅट मारणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. अशा वेळी मूळ फाईल बहुधा जागच्या जागीच, फक्त लपविलेली असते. फॉरमॅट मारल्यावर मात्र ती खरोखर जाते. बॅकअपची डिस्कही काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. ती यंत्रास जोडूनच ठेवली, तर खंडणीखोर मालवेअर तिलाही कुलूप घालतो.

येथवरचे नुकसान पैशाचे वा कागदपत्रांचे झाले. कार्यकर्त्यांच्या बाबतीत ते स्वातंत्र्याचेही असू शकते. २०१८ च्या एल्गार परिषद खटल्यात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षाच्या वतीने तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झालेल्या तिच्या अहवालानुसार, रोना विल्सन यांच्या संगणकात 'नेटवायर' हे मालवेअर बावीस महिन्यांहून अधिक काळ होते आणि त्याच्या द्वारे एका लपविलेल्या फोल्डरात दस्तऐवज ठेवण्यात आले. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाविषयीही त्या संस्थेने तसाच निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेस हे निष्कर्ष मान्य नाहीत आणि निर्णय देणे हे न्यायालयाचे काम आहे. असा ठरवून केलेला हल्ला गल्लीतील कारागीर रोखू शकेल, असाही आमचा दावा नाही. परंतु आपल्या यंत्रात आपण न लिहिलेला कागद येऊन बसू शकतो, ही गोष्ट यापुढे कोणाही वकिलाने वा कार्यकर्त्याने कल्पित मानू नये.

कायद्याच्या बाजूनेही हे महत्त्वाचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद पुराव्यात द्यावयाची, तर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि यंत्र त्या काळात नीट चालत होते याची ग्वाही त्यात येते. जुन्या कायद्याखालीही असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली सांगितलेच होते. मालवेअरने पोखरलेल्या यंत्राविषयी ही ग्वाही कोण कोणत्या तोंडाने देणार? अत्याचाराच्या फिर्यादीतील छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण अशाच एखाद्या यंत्रात असते, हे विसरता येत नाही.

दुरुस्तीकाराच्या अधिकाराची मर्यादाही त्याने ओळखली पाहिजे. गिऱ्हाइकाने यंत्र दुरुस्तीस दिले. त्यातील पत्रे, छायाचित्रे दिली नाहीत. परवानगीवाचून ती पाहणे वा उतरवून घेणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र आहे, आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, तो हक्क या टेबलावरही लागू आहे असे समजून वागावे. विशेषतः आपल्या भगिनी आपले यंत्र दुकानात ठेवावयास कचरतात, यामागे कारण आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, यंत्र घेताना दुकानदाराने लेखी पावती द्यावी. कोणती प्रणाली आहे, ती कायदेशीर आहे काय, तिची मुदत संपली आहे काय, कोणते मालवेअर सापडले, काय काढले, बॅकअप घेतला की नाही आणि कोणत्या फाईल उघडण्यास संमती होती, हे त्यात लिहावे. पुढे वाद झाला तर ही पावती दोघांच्याही उपयोगी पडते. आणि या कामाचे पैसे गिऱ्हाइकाने द्यावेत. रॅम बदलली की आपण निमूटपणे पैसे मोजतो. तीन तास बसून यंत्र स्वच्छ केले, दुरुस्त्या लावल्या, वापरासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडून दिले, की म्हणतो, 'त्यात काय बदलले?' आपल्या वाडवडिलांच्या श्रमाचा मोबदला गावाने शतकानुशतके शिळ्या भाकरीत दिला. आपल्याच मुलाच्या विद्येची किंमत करताना आपण त्या गावासारखे वागू नये. दुकानात दरपत्रक लावावे आणि 'मालवेअर तपासणी व संरक्षण' ही ओळ त्यात स्वतंत्र दरासह लिहावी.