ओव्हरक्लॉकिंग ही गरिबाची युक्ती होती

ओव्हरक्लॉकिंग आज श्रीमंती थाट म्हणून विकलं जातं आणि आपली पोरं ते हप्त्यावर विकत घेतात, याचा मला राग आहे. कारण या प्रकाराची सुरुवात नेमकी उलटी झाली होती.

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डचा बस स्पीड ६६ वरून १०० केला, की बऱ्याचदा तोच प्रोसेसर ४५० वर पळायचा आणि कितीतरी महाग पेंटियम टूच्या पंगतीला बसायचा. दीडपट वेग, तोही फुकट! खिसा रिकामा असलेल्यांनी कंपनीवर केलेली ती कुरघोडी होती.

कंपन्या शहाण्या झाल्या. आता इंटेलमध्ये ओव्हरक्लॉक करायचं तर नावात 'के' असलेला महाग प्रोसेसर लागतो आणि 'झेड' मालिकेतला महाग मदरबोर्ड. कुलूप त्यांनीच लावलं आणि किल्लीचे वेगळे पैसे घेतले. बरं, कुलपाच्या आत आता फारसं काही उरलेलंही नाही. टर्बोमुळे प्रोसेसर स्वतःच क्षमतेच्या काठापर्यंत धावतो. कोअर आय९-१४९००के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्यासाठी २५३ वॉटपर्यंत वीज खातो. यातून आणखी काय पिळणार?

पिळायला गेलात तर गणित आडवं येतं. चिपला लागणारी वीज साधारणपणे वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर वीज आणि उष्णता ३३ टक्क्यांनी वाढते. फ्रेम्स मात्र तेवढ्या वाढत नाहीत, कारण मोठ्या रिझोल्यूशनवर गेम बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डापाशी अडलेला असतो.

काठावर ठेवलेल्या भांड्याचं काय होतं, तेही २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले तगडे प्रोसेसर चालू गेममध्ये क्रॅश होऊ लागले. चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्याचं कंपनीने मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेली चिप त्या दुरुस्तीने बरी होणार नव्हती.

आता कूलिंग. 'लिक्विड कूलर लाव, गारेगार राहील' हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. पण पाणी गारवा तयार करत नाही. ते चिपची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेतं, तिथे शेवटी पंखाच हवा मारतो. नेहमीचा कुठलाही कूलर, हवेचा असो वा पाण्याचा, चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. परदेशातला यूट्यूबर २२ अंशांच्या खोलीत बसून आलेख काढतो. मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या खोलीत ३७ असतील, तर त्याच्या प्रत्येक आकड्यात १५ मिळवा. आणि ते अडीचशे वॉट शेवटी जातात कुठे? तुमच्याच खोलीत.

शिवाय पंप बिघडला की बंदिस्त लिक्विड कूलर बहुधा आख्खा बदलावा लागतो. हवेच्या कूलरचा पंखा गेला तर नवा पंखा बसवा, खालचा धातूचा ठोकळा वर्षानुवर्षं तसाच चालतो.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने दुकानातून आणलेलं कोटेशन मला दाखवलं. 'के'चा प्रोसेसर, 'झेड'चा बोर्ड, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, झगमगते पंखे. आणि ग्राफिक्स कार्ड? यादीतलं सगळ्यात किरकोळ. म्हणजे नवरदेवाला सोडून घोड्यालाच शेरवानी!

माझी बाजू स्पष्ट आहे. गेमिंगसाठी एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी घ्या. त्याची ९६ एमबी एल३ कॅश गेमला लागणारा डेटा हाताशी ठेवते, त्यामुळे तो कितीतरी कमी विजेत बड्या आय९ला टक्कर देतो. त्याचा मल्टिप्लायर लॉक आहे, म्हणजे आकडा वाढवायचा मोहच नको. वर दोन टॉवरचा चांगला एअर कूलर आणि समोर जाळी असलेली कॅबिनेट पुरे. ट्यूनिंगची खाज असेलच तर उलट्या दिशेने जा: कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज थोडं थोडं उतरवा आणि प्रत्येक वेळी मशीन स्थिर आहे का तपासा. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

'पण मजा असते ना!' असते. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांचा तो खेळ आहे आणि खेळ म्हणून मला तो आवडतो. तो शिकायचा तर जुनी, स्वस्त चिप घ्या आणि खुशाल जाळा. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, हे लक्षात ठेवा. आईबापांनी काढलेल्या कर्जावर हा खेळ खेळू नका.

दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "या लिक्विड कूलरचे पैसे ग्राफिक्स कार्डात टाकले, तर किती फ्रेम्स वाढतील?" तो विषय बदलून पंख्यांच्या लाइट्सवर आला, की तिथून उठा.