अजगराचा रतीब

‘अजगर’ या शब्दाची फोड करू गेल्यास अज म्हणजे बोकड आणि त्याला गिळणारा तो अजगर, एवढेच हाती लागते. आणि या नावाचा आपल्या मनावर असा काही पगडा बसला आहे की, अजगर म्हटला म्हणजे त्याचे गिळणे तेवढे डोळ्यांपुढे येते, परंतु दोन भक्ष्यांच्या दरम्यान जो दीर्घ, निश्चल काळ जातो त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने मात्र तो केला होता. प्राप्त होईल ते, थोडे असो वा पुष्कळ, स्वीकारावे आणि काहीच प्राप्त न झाल्यास दिवसचे दिवस निराहार, परंतु निश्चिंत असावे, हा धडा घेऊनच त्याने अजगराला आपल्या चोवीस गुरूंत स्थान दिले, आणि एकनाथांच्या भागवतामुळे तो मराठी श्रोत्यांच्याही परिचयाचा झाला.

हे स्मरण होण्याचे कारण असे की, अमेरिकेत आणि युरोपात मोठे अजगर, विशेषतः बर्मी अजगर, हौसेने घरी पाळण्याची चाल आहे, आणि पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की, किती दिवसांनी खाऊ घातले असता हा लवकर आणि चांगला वाढेल. या प्रश्नातील ‘लवकर’ आणि ‘चांगला’ हे दोन शब्द एकत्र नांदू शकत नाहीत, असे माझे निश्चित मत आहे.

स्टीफन सेकर आणि जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात बर्मी अजगराच्या पचनाचा जो अभ्यास केला, त्यावरून असे दिसून आले की, उपवासाच्या काळात या प्राण्याचे आतडे आकसून जणू रजेवर गेलेले असते, आणि भक्ष्य पोटात जाताच एक-दोन दिवसांत ते वजनाने जवळजवळ दुप्पट होऊन कामाला लागते. भक्ष्य फार मोठे असल्यास शरीरातील चयापचयाचा वेग विश्रांतीच्या कित्येक पटींनी वाढतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर भोजनोत्तर दोन दिवसांत हृदयाचे स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. काम आटोपले की हा सारा व्याप पुन्हा आवरला जातो. ज्या देहाची रचनाच अशी आळीपाळीने उघडण्याची आणि मिटण्याची आहे, त्याला रोजच्या दुधासारखा रतीब लावणे म्हणजे त्याचे मिटणेच हिरावून घेणे होय.

म्हणून जाणत्या पाळणाऱ्यांचा शिरस्ता असा की, नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला आठवड्यातून एकदा, जरा मोठ्या झालेल्याला दहा ते चौदा दिवसांनी आणि पूर्ण वाढलेल्याला तीन-चार आठवड्यांनी, प्रसंगी त्याहूनही अधिक अंतराने, एक भक्ष्य द्यावे. भक्ष्य अजगराच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून फारसे जाड नसावे, ते आधीच मारलेले असावे, म्हणजे जिवंत उंदराच्या वा सशाच्या दातांनी अजगराला इजा होत नाही. कात टाकण्यापूर्वी डोळे धुरकट झाले की भक्ष्याचा आग्रह धरू नये. खाल्ल्यावर किमान दोन दिवस त्याला हाताळू नये, आणि सुमारे ३० अंश सेल्सिअसची ऊब त्याला मिळेल अशी तजवीज ठेवावी; कारण थंडीत पचन मंदावते आणि गिळलेले उलटून पडण्याची भीती असते.

अति खाऊ घातल्याचे परिणाम त्वरित दिसत नाहीत, यातच खरी फसगत आहे. लांबी झपाट्याने वाढते, मालक संतुष्ट होतो. परंतु आत चरबीचे थर साचत जातात, यकृतावर भार पडतो, आणि अंग ताठ, गोल होऊन खवल्यांमधील कातडी ताणलेली दिसू लागते. असा घाईने वाढवलेला जीव पुढे घरात मावेनासा होतो. दक्षिण फ्लोरिडाच्या पाणथळ अरण्यात आज जे बर्मी अजगर ठाण मांडून स्थानिक प्राण्यांचा संहार करीत आहेत, त्यांचे मूळ पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या अजगरांत आहे. २०१२ साली अमेरिकेच्या संघशासनाने या अजगराच्या आयातीस बंदी केली, तोवर वेळ निघून गेली होती.

आपल्याकडे भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी ठेवणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु जेथे कायद्याने अजगर पाळता येतो, तेथील पाळणाऱ्याला माझे सांगणे एवढेच की, एक वही ठेवावी. तीत प्रत्येक भक्ष्याची तारीख, त्याचे वजन आणि महिन्याकाठी अजगराचे वजन यांची नोंद करावी. पंगतीत आग्रह करकरून वाढण्याची आपली प्रीती मनुष्यांपुरती शोभून दिसते. अजगराच्या बाबतीत ज्याला प्रीती दाखवायची असेल, त्याने त्याच्या खोलीतील ऊब सांभाळावी आणि वहीतील पुढची तारीख येईपर्यंत हात आखडता घ्यावा.