बोटाचे मोल

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग पॉवर प्रेसवर घडतात. डायमध्ये पत्रा सरकवताना हात क्षणभर मागे राहिला, की बोटाची एक-दोन पेरे जातात. जखम भरून येते. हात मात्र पुढे वर्षानुवर्षे खिशात राहतो. लग्नाच्या बोलण्यांत, दुकानाच्या गल्ल्यावर, मंदिरात हात जोडताना लोकांची दृष्टी आधी त्या उणेपणाकडेच वळते.

अशा हातासाठी सिलिकॉनचे बोट करता येते. कारागीर उरलेल्या खुंटाचा आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाचा ठसा घेतो, मेणात आकार कोरतो आणि रुग्णाला दिवसाच्या उजेडात शेजारी बसवून रंग मिसळतो. तळव्याकडची त्वचा फिकट, सांध्यावरची सावळी, नखाखाली गुलाबी छटा. एका बोटाला अनेक रंग लागतात. तयार बोट खुंटावर टोपणासारखे घट्ट बसते, कड झाकण्यास अंगठी पुरते. खुंट फार आखूड असल्यास ते टिकत नाही. त्याला ऊन-गार कळत नाही, पकडीलाही त्याची मदत बेताचीच. ते मुख्यतः दिसण्यासाठी आहे. आणि दिसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून गरजूंना पाय देत आली आहे. पाय मिळालेला माणूस चालू लागतो, दात्याला ते डोळ्यांनी दिसते. बोटाचे तसे नाही, म्हणून ते मागे पडते.

कायद्याने बोटाचा भाव ठरवला आहे. नुकसानभरपाईच्या अनुसूचीत संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी १४ टक्के, मधले बोट गेल्यास १२, करंगळी गेल्यास ७. शास्त्रात अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत छविच्छेद, म्हणजे अवयव छेदणे, सांगितला आहे. श्रावक तो बहुधा पशूंपुरता समजतो. परंतु दोन बटणे दोन्ही हातांनी दाबल्याविना प्रेस खाली येऊ नये, अशी सोय असताना उत्पादन वाढावे म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले, तर त्या छेदाचा धनी कोण?

सिलिकॉनचे बोटही काही वर्षांत झिजते, त्याचा रंग उतरतो आणि ते पुन्हा करावे लागते. देणगी देणाऱ्याने हिशेब एका बोटाचा न धरता त्या कामगाराच्या उरलेल्या आयुष्याचा धरावा.