‘बदलून बघू’ नावाचा रोग

टी.ई.च्या सबमिशनचा शेवटचा आठवडा. जर्नलवर सही घ्यायला स्टाफरूमबाहेर रांगेत उभा होतो आणि आबांचा फोन आला.

“गाडी पुढून वाजतीय रे. खड्ड्यात गेली की खटॅक करती. काय करू?”

गाडी म्हणजे आमची डिझेल पिकअप. सेकंडहँड घेतलेली. मीटरवरचे किलोमीटर खरे किती ते देव जाणे! शेतातला टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला न्यायचा, आणि भाव बरा असला तर माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे थेट वाशी. घर तिच्यावर चालतं म्हटलं तरी चालेल.

मी जर्नल काखेत धरून दोन सेकंदांत निदान केलं, “आबा, शॉकअप गेले असतील. बदलून टाका.”

घरातला पहिला इंजिनिअर (होऊ घातलेला का असेना) बोलला म्हटल्यावर आबांनी दुसऱ्याच दिवशी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. मग गॅरेजवाल्यांनी स्टॅबिलायझर बारच्या लिंक बदलल्या. आवाज तसाच. मग आर्मचे बुश. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा खटॅक! तीन बिलं झाली, त्यात टोमॅटोचे दोन फेरे मातीमोल झाले. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मित्रांनो, हा लेख गाडी दुरुस्तीचा नाही. म्हणजे आहे, पण दुखणं गाडीपुरतं नाही. ‘बदलून बघू’ हा रोग आपल्या सगळ्यांना झालेला आहे आणि तो आपण वर्गातच घेऊन येतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी मी वर्कशॉपमधल्या सरांकडे गेलो. फर्स्ट इयरला आपला फायलिंगचा जॉब तीन-तीनदा परत पाठवतात म्हणून ज्यांना आपण मनातल्या मनात नावं ठेवतो, तेच सर. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं,

“आवाज कधी येतो?”

“खड्ड्यात.”

“एकच चाक खड्ड्यात गेल्यावर, की स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तरी?”

“माहीत नाही सर.”

“ब्रेकवर हलका पाय ठेवून खराब रस्त्यावरून नेली तर थांबतो का?”

“माहीत नाही.”

“उभ्या गाडीत स्टिअरिंग इकडं-तिकडं केलं तर? गाडी उभी करून नुसतं इंजिन रेस केलं तर?”

“माहीत नाही.”

“मग शॉकअप गेलेत हे तुला कसं माहीत होतं?”

याला उत्तर नव्हतं. पुढचा अर्धा तास त्यांनी जे सांगितलं ते सहा सेमिस्टरमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ‘इम्पॉर्टंट क्वेश्चन्स’मध्ये नाही म्हणून सोडून दिलं असेल.

त्यांच्या एकेका प्रश्नामागे एकेक कारण होतं. स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो तो डावं-उजवं चाक वेगवेगळं वर-खाली झालं तरच. दोन्ही चाकं एकदम चढली की बार नुसता आपल्या बुशमध्ये फिरतो. म्हणून एका चाकाच्या खड्ड्यात जोरात आणि रुंद स्पीडब्रेकरवर कमी वाजत असेल तर संशय लिंकवर. ब्रेकवर हलका पाय ठेवताच आवाज थांबला, तर कॅलिपर किंवा ब्रेक पॅड सैल, कारण ब्रेकने ते दाबून धरले जातात. चाक न हलता, उभ्या गाडीत रेस देताना किंवा क्लच सोडताना धक्का बसून वाजत असेल, तर सस्पेन्शनच्या वाटेलाच जाऊ नका, इंजिनचं फाउंडेशन बघा. डिझेल इंजिन तसंही जास्त हलतं, त्यामुळे रबर बसलं की ते कुठंतरी आपटणारच. आणि आवाज उजवीकडून आला म्हणजे दोष उजवीकडेच असं समजू नका. चेसिस लोखंडाची आहे, आवाज ती कुठूनही कुठंही पोचवते.

मी लगेच आबांना फोन लावला. या वेळी सांगायला नाही, विचारायला. आबांची उत्तरं तयार होती! ब्रेकवर पाय ठेवला तरी वाजतं. रेस दिल्यावर वाजत नाही. दगड-गोट्यांतून हळू चालवताना वाजतं. आणि जोरात ब्रेक मारून गाडी थांबवली की एकदा, मग रिव्हर्स घेताना पुन्हा एकदा, असं ‘खट्’ होतं. हे सगळं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

ते ऐकून सर म्हणाले, “चाक उचलून हलवून पाहिलं का?”

“हो सर, गॅरेजमध्ये पाहिलं. प्ले नाही म्हणाले.”

“जॅक कुठं लावला होता?”

खरं सांगतो, हा प्रश्न मला तेव्हा फालतू वाटला. जॅक कुठंही लावला तरी चाक उचललं जाणारच की! तर तसं नाही. आमच्या गाडीला पुढे पाटे नाहीत. वर एक आर्म, खाली एक आर्म, दोघांच्या टोकाला एकेक बॉल जॉइंट आणि खालच्या आर्मला जोडलेला टॉर्शन बार, म्हणजे पीळ भरलेला स्प्रिंगच. गाडीचा भार खालच्या बॉल जॉइंटवर येतो. जॅक चेसिसखाली लावला तर चाक हवेत जातं, पण टॉर्शन बारचा पीळ काही संपत नाही. तो खालच्या आर्मला खाली रेटतच राहतो. त्या जोराने झिजलेल्या बॉल जॉइंटमधली फट एका अंगाला दाबून धरली जाते. आता चाक कितीही हलवा, ते घट्टच लागणार. फट आहे, पण आपणच ती झाकून ठेवली आहे!

तेच जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जमेल तितकं जवळ लावला की भार जॅकवर येतो आणि जॉइंट मोकळा होतो. मग टायरखाली पहार घालून वर उचलली की खरं काय ते कळतं. (हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर हिशोब उलटा होतो आणि पुढे पाटे व अखंड अ‍ॅक्सल असेल तर किंगपिन बघावी लागते. म्हणून आधी आपल्या गाडीची रचना बघा.)

शनिवारी दुपारची एस.टी. पकडून घरी गेलो. गाडी सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. जॅक आर्मखाली लावला, चाक जमिनीपासून जेमतेम सुटं केलं, शेजारी आधाराला घोडी ठेवली. आधी उजवं चाक. काही नाही. मग डावं. टायर वर आणि खाली, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ असतात तिथं, धरून हलवलं. हाताला हलकंसं ‘टक्’ लागलं. व्हील बेअरिंग असेल म्हणून आबांना ब्रेक दाबून धरायला सांगितलं. बेअरिंगचा प्ले ब्रेक दाबल्यावर जातो. हा गेला नाही. मग पहार घातली आणि वर उचलली. खटॅक! तोच आवाज! खालच्या बॉल जॉइंटवर बोट ठेवलं तर धक्का बोटाला लागत होता. वरचं रबरी कव्हर फाटलेलं आणि आत ग्रीसच्या जागी माती. आणि आबा इतके दिवस सांगत होते की आवाज उजवीकडून येतो.

आबा खूश झाले. माझे मात्र पाय लटपटायला लागले. कारण हा जॉइंट पूर्ण निसटला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही. आणि मी ‘शॉकअप बदला’ म्हटल्यानंतर आबा भरलेली गाडी घेऊन तीन वेळा माळशेज उतरले होते.

नवीन बॉल जॉइंट बसवून अलाइनमेंट करून घ्यायला आधीच्या तिन्ही बिलांपेक्षा कमी पैसे लागले.

आता कुणी म्हणेल, चूक गॅरेजवाल्याची. मला तसं वाटत नाही. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत गाडी हवी असते. त्याने एक तास नुसतं बघण्यात घालवला आणि त्याचे पैसे मागितले, तर आपण म्हणू, “केलं काय? काहीच तर बदललं नाही!” पार्टचे पैसे आपण मुकाट्याने देतो, विचार करण्याचे देत नाही. मग तो पार्टच बदलणार.

पण माझी चूक तशी नव्हती. मला वेळही होता आणि शिक्षणही. फोर-बार लिंकेज, फ्री बॉडी डायग्राम, फोर्सची दिशा, सगळं परीक्षेत लिहिलंय आणि मार्कही मिळवलेत. फक्त आबांच्या गाडीची फ्री बॉडी डायग्राम काढावी हे सुचलं नाही. ती काढली असती तर जॅक कुठं लावायचा हे कागदावरच कळलं असतं.

सुचणार कुठून? आपण प्रॅक्टिकलला काय करतो ते हॉस्टेलवर कुणाला सांगायला नको. रीडिंग सिनिअरच्या जर्नलमधून, ग्राफ त्याच्यावरून, कन्क्लुजन तर पिढीजात चालत आलेलं. उत्तर आधी, प्रयोग नंतर! ज्याला कायम उत्तर आधी मिळतं तो प्रश्न विचारायला कधी शिकणार? कॉम्प्युटरवाल्यांनी हसू नये. एरर आली की ओळी बदलत बसायचं आणि चाललं की का चाललं ते बघायचं नाही, हा तुमचा ‘बदलून बघू’च आहे.

‘शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!’ (१९८५) या पुस्तकात रिचर्ड फाइनमनच्या लहानपणचा एक किस्सा आहे. चालू करताना भयंकर आवाज करणारा एक रेडिओ दुरुस्त करायला तो मालकाच्या घरी गेला. हा पोरगा तो उघडायचं सोडून खोलीत येरझारा घालायला लागला. मालक वैतागला. पण फाइनमन विचार करत होता, की आवाज सुरुवातीलाच येऊन मग का थांबतो? ट्यूब चुकीच्या क्रमाने तापत असतील असा त्याने तर्क केला, ट्यूबची अदलाबदल केली आणि आवाज गेला. बदल त्यानेही केलाच. पण आधी कारण, मग बदल. फरक एवढाच आहे, आणि तोच सगळा फरक आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये जुनं इंजिन आणि चेसिस आहे. दर सेमिस्टरला सरांनी त्यात एक दोष मुद्दाम करून ठेवावा, एखादा नट सैल, एखादा बुश झिजलेला. चौघांच्या बॅचने तो शोधावा. मार्क दोष सापडला म्हणून देऊ नयेत. कोणते प्रश्न विचारले, कोणत्या क्रमाने तपासलं आणि काय काय कशावरून वगळलं, याचे द्यावेत. असल्या जर्नलची कॉपी करता येणार नाही. पैसेही लागणार नाहीत, लागेल तो सरांचा थोडा वेळ आणि आपली थोडी लाज.

गेल्या आठवड्यात आबांचा पुन्हा फोन आला होता, आता मागून काहीतरी वाजतंय. मी म्हटलं, “आबा, कधी वाजतं ते आधी सांगा.”

आबा हसले. म्हणाले, “आता झालास बघ इंजिनिअर!”

– एक विद्यार्थी, टी.ई. (मेकॅनिकल)